नवसाला निघालेल्या दोन गाड्या

हिंमतरावांचा बांधाचा खटला कधीच निकाली निघाला होता, पण त्याच्या तारखा मात्र पडतच होत्या. शेजाऱ्यानं कोरलेला हातभर बांध मुन्सिफानं मोजून परत दिला, वकिलाला फेटा बांधून झाला, गावात पेढे वाटून झाले, आणि तरीही परंड्याचा बाजार आला की हिंमतराव सकाळीच कोट चढवून दारात उभे. "कचेरीत जाऊन येतो. तारीख हाय."

निजामाच्या राज्यात न्याय उशिरा मिळतो अशी लोकांची तक्रार असे. हिंमतरावांना तो एकदा मिळूनही पुन्हा पुन्हा मिळत होता.

अयोध्या त्यांना भाकरी बांधून देई. कचेरीच्या मागच्या गल्लीत कमलबाई नावाच्या विधवेची खानावळ आहे आणि आपला नवरा तिथं पोटभर जेवतो, हे तिला ठाऊक होतं. तिलाच काय, सीनेच्या काठावर कपडे धुणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तरी ती भाकरी बांधून देई, कारण उपाशीपोटी नवऱ्याला कोर्टात धाडलं असं कुणी म्हणायला नको. गाठोडं संध्याकाळी जसंच्या तसं परत येई आणि बैलांपुढं जाई. घरात तारखेची खरी वाट बैलच बघत.

एकदा हिंमतराव डोक्याला चपचपीत तेल लावून परतले. अयोध्येनं विचारलं, "हल्ली तेल कचेरीतच लावून देत्यात व्हय?"

त्यावर हिंमतराव रागावले आणि जेवले नाहीत. जेवण झालेलंच होतं, म्हणून राग फार महाग पडला नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. मूल नाही म्हटल्यावर दोष कुणात हे शोधण्यात कुणी वेळ घालवला नाही. तो अयोध्येत आहे, हे तिची सासू द्वारकाबाई हिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. मग बार्शीच्या वैद्याचे काढे झाले. सुईण मल्लम्मानं पोट चोळचोळून कातडं सोलायचं बाकी ठेवलं. दर्ग्यातला धागा झाला, पिंपळाच्या फेऱ्या झाल्या. बैलगाडी जाईल तिथवरचा एकही देव द्वारकाबाईनं सोडला नाही. हिंमतरावांना मात्र कुणी साधा आल्याचा काढाही दिला नाही. एकदा खोकला झाला तेव्हा दिला, तोही गूळ घालून.

गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की अयोध्येला आवर्जून बोलावणं येई. ओटी भरायची वेळ झाली की तिला प्रेमानं सांगत, "बाई, तेवढे पापड भाजतीस का आत?" त्या गावात तिच्याइतके पापड कुणी भाजले नसतील.

त्या वर्षी सुगी आटपत आली होती. दुपारी हिंमतराव जेवायला बसले, भाकरीचे दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "आई, येक गोष्ट सांगायची व्हती."

"सांग की."

"परंड्याला पोरगा झाला."

"कुणाला?"

"मला."

द्वारकाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. अयोध्या ताक वाढत होती. ती म्हणाली, "मग इतक्यात उठून बसलात? ओल्या बाळंतिणीला ताक बरं न्हवं."

"तू गप बस," हिंमतराव म्हणाले. मग त्यांना एकदम धीर आला. असा धीर माणसाला बायकोवर ओरडल्यावरच येतो. "कमलला पाट लावून घरी आणायचं म्हणतो. लेकरू कुणाच्या दारात वाढवायचं? माझं रगत हाय. अयोध्येनं तवर ढोकीला भावाकडं जाऊन ऱ्हावं. मग बघू."

"काय बघू?" अयोध्येनं विचारलं.

"बघू म्हणलं की!"

काय बघायचं ते अयोध्येला दिसतच होतं. ढोकीच्या भावजयीला पाहुणे आवडत, पण परत जाणारे. आई-वडील उरले नव्हते. या घरात ती आली तेव्हा परसात नुसती कुसळं होती. तिथं शेवगा, कढीपत्ता, घेवड्याचा मांडव, सगळं तिच्या हातचं उभं राहिलं होतं. भिंती दर दिवाळीला तीच सारवत होती. एवढं घर एका तान्ह्या पोरानं, डोळेसुद्धा नीट न उघडता, तिच्या हातातून काढून घ्यायची वेळ आली होती.

नातू झाल्याचा आनंद द्वारकाबाईच्या तोंडावर फुटत होता आणि ती तो पदरानं पुसत होती. मग तिचं तोंड अचानक पडलं.

"हिंमत्या, पाट कसा लागंल? सुपारी बांधल्याली हाय की."

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. नवस बोलायचा तर नवरा-बायकोनं जोडीनं तुळजापूरला जायचं, आपल्या पुजाऱ्यासमोर पिवळ्या फडक्यात सुपारी बांधायची आणि ती देव्हाऱ्यात ठेवायची. नवस फिटला की ज्या दोघांनी बांधली त्याच दोघांनी तिथंच जाऊन सोडायची. सुपारी बांधलेली असेपर्यंत त्या दोघांपैकी कुणालाही नवी हळद लागायची नाही. द्वारकाबाईच्या चुलतदिरानं ही रीत मोडून दुसरं लग्न केलं होतं, तर त्याची म्हैस मेली, विहीर आटली आणि नवी बायको तंबाखू खाणारी निघाली. या तिन्हींतलं मोठं संकट कुठलं, यावर घरात आजही एकमत नव्हतं.

"मग सोडू की सुपारी," हिंमतराव म्हणाले. "मूल मागितलं, मूल मिळालं. नवस फिटला!"

असा हिशेब फक्त हिंमतरावांनाच सुचू शकत होता. आपण बायकोबरोबर बसून मागितलेलं मूल देवीनं खानावळीच्या पत्त्यावर का धाडलं, असा प्रश्न त्यांना पडला नाही.

तरी द्वारकाबाईला खात्री हवी होती. धान्य गोळा करायला पुजारी बलभीमबुवा तुळजापूरहून आले, तेव्हा तिनं त्यांना ओसरीवर घोंगडी घालून सगळं विचारलं. बुवांनी ज्वारीच्या पोत्याकडं बघितलं, छपराकडं बघितलं आणि म्हणाले, "रीतीप्रमाणं जोडीनं बसायचं. लेकराला मागणाऱ्या बाईच्या ओटीत घालायचं. मी तीनदा विचारणार, मागितलं ते मिळालं का? बाईनं मिळालं म्हणायचं. मग सुपारी सोडायची, लेकराच्या भारंभार गूळ वाटायचा. झालं."

"बाईनं म्हंजे कोणत्या?" हिंमतरावांनी विचारलं.

"सुपारी कुणी बांधली?"

सगळ्यांनी अयोध्येकडं बघितलं. ती बुवांसाठी पापड भाजत होती.

"आन तिनं मिळालं म्हणलं," द्वारकाबाई हळूच म्हणाली, "तर लेकरू तिच्या नशिबाचं म्हणायचं का?"

"देवीसमोर ओटीत पडलं म्हणजे तिच्याच ओटीचं. मग तिला वांझ म्हणायची कुणाची छाती नाही."

त्या दिवसापासून घरात अयोध्येचं वजन वाढलं. हिंमतराव सकाळी विचारू लागले, "झोप लागली का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी फक्त बैलांना विचारला होता. द्वारकाबाईनं दुधावरची साय तिच्या वाटीत टाकली. बार्शीहून हिरवं लुगडं आलं. अयोध्येनं सगळं घेतलं. लुगडं नेसून ती अंगणात फिरली, साय खाल्ली, आणि झोप लागली का या प्रश्नाला रोज "न्हाय" असं उत्तर दिलं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं जाईल.

ढोकीचं मात्र कुणी काढत नव्हतं. तेवढ्यावरून तिला कळलं, की ते पक्कं आहे.

पौर्णिमा गाठायची म्हणून दोन गाड्या जुंपल्या. पुढच्या गाडीत हिंमतराव, द्वारकाबाई, अयोध्या आणि गुळाच्या ढेपा. मागची गाडी सालगडी बब्रुवान हाकत होता. परंड्याच्या वेशीत त्या गाडीत कमलबाई लेकराला घेऊन बसली. तोंडावरून पदर, हातात मोठा पितळी डबा. अयोध्येला तिचे फक्त पाय दिसले. भेगाळलेले, कामाचे पाय होते. तिनं मनात रंगवलेले पाय बरेच गोरे होते.

वाटेत इंग्रजांची बार्शी लागे. म्हणजे निजामाच्या राज्यातून बाहेर पडायचं आणि पुढं पुन्हा आत शिरायचं. आत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर गफार नावाचा जवान बाजेवर बसून दात कोरत होता.

"क्या है गाडी में, पाटील?"

"गूळ हाय. नवसाचा."

"और ये?"

"आई. आन ही बायको."

गफार उठून मागच्या गाडीपाशी गेला. कमलबाईकडं बघितलं, लेकराकडं बघितलं आणि परत आला. "और वो? वो भी नवस का?"

हिंमतराव फेटा नीट करू लागले. फेटा नीटच होता.

"बच्चा किसका है, पाटील?"

हिंमतरावांनी आईकडं बघितलं, आई गुळाकडं बघू लागली. तेवढ्यात मागच्या गाडीतून खणखणीत आवाज आला, "माझं हाय! जकात लागती का?"

गफार हसत हसत बाजूला झाला. अयोध्येलाही हसू आलं. सवतीच्या बोलण्यावर हसावं लागेल अशी तयारी तिनं घरून केलेली नव्हती.

पुढं एका विहिरीवर बैल सोडले. हिंमतराव आणि बब्रुवान बैलांना पाणी पाजायला गेले, द्वारकाबाई झाडाखाली आडवी झाली. अयोध्या घागर घेऊन विहिरीवर गेली, तर कमलबाई मोटेच्या थारोळ्यात लेकराची दुपटी धूत होती. काळीसावळी, रुंद हाडाची बाई. लेकरू बाजूला फडक्यावर हातपाय झाडत होतं.

"तुमीच अयोध्याबाई न्हवं?" कमलबाई म्हणाली. "तुमच्या हातची भाकरी कशी असती ते लई दिसांपासनं बघायचं व्हतं. गाठोडं सोडूच देत न्हायीत कुणाला."

"बैलास्नी इचारा. त्येंनाच ठावं."

कमलबाई खो खो हसली. मग म्हणाली, "बसा की जरा."

अयोध्या बसली नाही. "आता घरीच येणार म्हणं तुमी."

"कुणाच्या घरी?"

"आमच्या. पाट लावून."

"मला कुणी इचारलं?" कमलबाईनं दुपटं पिळलं. "अक्का, अख्खी कचेरी माझ्या हातचं जेवती. पेशकार बी पाटावर बसून वाट बघतो, कधी वाढती म्हणून. ती चूल सोडून तुमच्या सासूच्या हाताखाली जातं वढायला येऊ? मला काय याड लागलंय?"

"मग आलात कशाला?"

"लेकराला देवीच्या पाया पडवायचं व्हतं. बापाचं नाव लागतंय तर लागू द्या म्हणलं. पाटाचं तर ह्येनी मला वेशीत गाडीत बसल्यावर सांगितलं."

"मग न्हाय म्हणा की त्येस्नी."

"म्हणलं की! तर म्हणत्यात, बाई लाजती."

आता अयोध्या बसली. हिंमतराव लांबून बघत होते. दोन बायका शेजारीशेजारी बसलेल्या बघून त्यांना बरं वाटलं असावं. घरात सुख नांदायला सुरुवात झाली, असा काहीतरी भाव त्यांच्या तोंडावर होता.

"तुमी न्हाय आलात म्हंजे झालं तर मग," अयोध्या म्हणाली.

"कसलं झालं! मी न्हाय तर दुसरी आणतील. एखादी कवळी पोर. आता त्येस्नी सोताची खात्री पटलीया न्हवं?" कमलबाईनं लेकराकडं हनुवटी केली. "सुपारी सुटली की मोकळे झाले. तुमी तेवढं मिळालं म्हणू नका, अक्का."

सांगणं सोपं होतं. अयोध्या लेकराकडं बघत राहिली. एक शब्द बोलला की आयुष्यभराचा डाग जाणार होता. पुन्हा कुणी पापड भाजायला आत पाठवणार नव्हतं. पण तोच शब्द बोलला की घर जाणार होतं. ओटी भरलेली बाई ढोकीला भावजयीच्या दारात बसणार, एवढाच काय तो फरक. रीत तर तिच्या बाजूची होती, पण लेकरू काही ढोकीला कुणी धाडणार नव्हतं.

"कुणावर गेलंय पोरगं?" तिनं विचारलं.

"माझ्यावर," कमलबाई म्हणाली. "तेवढं पक्कं सांगते."

अयोध्येनं तिच्याकडं बघितलं. कमलबाई दुपटं झटकत होती. पुढं काही विचारण्यासारखं उरलं नव्हतं, आणि जे उरलं होतं ते न विचारताच समजलं होतं.

तुळजापुरात पौर्णिमेची दाटी होती. देवीचं दर्शन झालं. मग बलभीमबुवांनी एका ओवरीत पाट मांडले. हिंमतरावांच्या उपरण्याला अयोध्येच्या हिरव्या लुगड्याच्या पदराची गाठ मारली. लग्नानंतर इतक्या घट्ट बांधलेली ती दोघं पहिल्यांदाच बसली असतील. द्वारकाबाईनं कनवटीची पिवळी सुपारी काढून पुढं ठेवली. गूळ तराजूशेजारी तयार होता. नवसाचा गूळ आहे म्हटल्यावर चारदोन यात्रेकरू, मग पाचपन्नास यात्रेकरू सहज म्हणून येऊन उभे राहिले.

कमलबाईनं लेकरू अयोध्येच्या ओटीत ठेवलं आणि मागं सरली.

लेकरू जड होतं. इतकं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्यांची मुलं तिनं उचलली होती, पण तेव्हा आई शेजारीच हात पुढं करून उभी असे, नजर काढायच्या बेतात. हे मूल कुणी परत मागत नव्हतं. त्यानं तिची पोत मुठीत धरली आणि तोंडात घालायला ओढू लागलं.

"अयोध्याबाई," बुवा मोठ्यानं म्हणाले, "मागितलं ते मिळालं?"

लेकरानं तिच्याकडं बघून जांभई दिली.

"मिळालं?"

मिळालं हा शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता. घर गेलं तर गेलं, असंही एकदा वाटून गेलं. तेवढ्यात लेकरानं तिच्या मांडीवर नव्या लुगड्यात आपला कार्यक्रम उरकला. ऊन ऊन ओल मांडीवर पसरली, आणि हिंमतराव शेजारून कुजबुजले, "बोल की लवकर. परतीला ढोकीवरनंच जाऊ, तुला तिथंच सोडतो. पुन्यांदा गाडी जुंपायला नको."

"मिळालं का, बाई?" बुवांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाय," अयोध्या म्हणाली.

हिंमतरावांनी गाठीसकट उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. "न्हाय म्हंजे?"

"म्या माझ्या कुशीचं मागितलं व्हतं. हे कमलबाईच्या कुशीचं हाय. आईच्या दारात लबाड कशी बोलू?"

"अगं, मिळालं म्हण! काय फरक पडतोय?"

"फरक पडत नसंल तर तुमीच म्हणा."

हिंमतराव बुवांकडं वळले. "मी म्हणतो. मिळालं, मिळालं, मिळालं! सोडा सुपारी."

"तोंड बाईचंच लागतं, पाटील," बुवा म्हणाले. धान्याचं पोतं त्यांना आठवलं असावं, पण पन्नास माणसं कान देऊन उभी होती.

"आई, तू तरी सांग हिला!"

द्वारकाबाईनं नातवाकडं बघितलं. फार वेळ बघितलं. मग सुपारी उचलली, कपाळाला लावली आणि परत कनवटीला खोचली. "ती खोटं न्हाय बोलली," ती म्हणाली. "ऊठ. म्हस मारायची न्हाय मला."

कमलबाई पुढं झाली. अयोध्येच्या मुठीतून, की लेकराच्या, पोत सोडवायला तिला जरा वेळ लागला. लेकराला तिनं खांद्यावर टाकलं, आणि ताटकळलेले यात्रेकरू बघून सरळ गुळाच्या ढेपेला हात घातला. "घ्या, घ्या! वजन न्हाय केलं, पण ग्वाड तेवढाच हाय. पोरगा झालाय मला!" तिनं पहिला खडा अयोध्येच्या हातावर ठेवला. दुसरा हिंमतरावांच्या हातावर. त्यांनी तो खाल्ला नाही, पण टाकताही येईना; नवसाचा की कशाचा, हेच ठरत नव्हतं.

परतताना कमलबाई तुळजापुरातच थांबली. पौर्णिमेची गर्दी बघून तिच्या डोक्यात खानावळीचे काही बेत शिजत होते. मागची गाडी रिकामी येत होती. ढोकीचा फाटा आला तेव्हा हिंमतरावांनी बैल जरा थांबवले. द्वारकाबाई पाठमोरीच म्हणाली, "हाक म्होरं. सुपारी हितं हाय तवर ती बी हितंच."

बैल सरळ निघाले. बऱ्याच अंतरानं हिंमतराव म्हणाले, "गावात काय सांगायचं आता?"

"सांगा, नवस चालू हाय," अयोध्या म्हणाली. "म्या माझं मागून ठिवलंय. आता र्‍हायलंय ते तुमचं काम हाय."

द्वारकाबाईचे खांदे हलायला लागले. तिनं तोंडात पदर कोंबला आणि धूळ लई झाली म्हणाली. हिंमतरावांनी कारण नसताना उजव्या बैलाला चाबूक मारला.

ऊन चांगलं तापलं होतं. अयोध्येच्या मांडीवरचं हिरवं लुगडं अजून जरा ओलसर होतं. तिनं पदर पुढं ओढला आणि ते इतक्यात वाळू नये म्हणून त्यावर सावली धरली.